चिआरी निघाली, आता पुढे काय? पहिल्या वर्षासाठी काही पायऱ्या

मे महिना होता. कूलरची टाकी भरायला बादली छातीपर्यंत उचलली आणि डोक्याच्या मागे, मान जिथे कवटीला मिळते तिथे, कुणी खुंटी ठोकावी तशी कळ आली. वीसेक सेकंदांत गेली. दुसरी बादली उचलली, पुन्हा तीच कळ. ऊन लागलं असेल म्हणून पन्हं प्यालो आणि आडवा झालो. जूनअखेरीस शाळा उघडली. खडूच्या धुळीने शिंक आली की तीच खुंटी. पुढची दोन वर्षं मी स्पॉन्डिलायटिस, सायनस, ॲसिडिटी आणि 'टेन्शन कमी घ्या' या चार दारांवर फिरलो. शेवटी नागपूरच्या धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "खोकताना, शिंकताना, संडासला जोर करताना दुखतं का? आणि किती वेळ टिकतं?" माझं उत्तर ऐकून त्यांनी एमआरआय लिहून दिला आणि त्यात चिआरी निघाली, म्हणजे लहान मेंदूचं खालचं टोक कवटीच्या तळातून मानेकडे सरकलेलं. तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

आता ओळखीतून ओळखीत जाऊन लोक माझा नंबर मिळवतात. वर्ध्याहून, भंडाऱ्याहून फोन येतात, "सर, रिपोर्टमध्ये चिआरी लिहिलं आहे, आता काय करायचं?" प्रत्येकाला तेच सांगतो, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतो आहे. मी डॉक्टर नाही, गणिताचा मास्तर आहे. औषधाचा डोस आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं जे रोजचं जगणं आहे, त्याबद्दल मी बोलू शकतो.

पायरी १: रिपोर्ट समजून घ्या, आकड्याला घाबरू नका

कवटीच्या तळाला एक मोठं छिद्र असतं. तिथून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पुढे मज्जारज्जू होतो. मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे डॉक्टर ज्याला सीएसएफ म्हणतात ते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत या छिद्रातून खाली-वर होत असतं. चिआरीमध्ये लहान मेंदूची खालची दोन टोकं या छिद्रातून खाली सरकलेली असतात. बहुतेकांत कवटीचा मागचा कप्पाच जन्मतः थोडा लहान असतो, म्हणून त्यांना जागा पुरत नाही. बुडाला बूच अर्धवट बसल्यासारखं होतं. खोकलं, शिंकलं, जोर केला की आतला दाब एकदम वाढतो, पाण्याला वाट मिळत नाही आणि डोक्यामागे कळ येते.

या टोकांना टॉन्सिल म्हणतात. इथे आमच्या गल्लीत मोठा घोळ झाला होता. शेजारचे काका म्हणाले, "टॉन्सिल होय नं गुरुजी? मंग काढून टाका नं बाप्पा. माह्या पोराचे काढले, दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम खाऊन राहिला होता!" घशातल्या टॉन्सिलचा याच्याशी काही संबंध नाही. नातेवाइकांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, पुढचे सहा महिने वाचतील.

नावाचंही तसंच. उच्चार 'किआरी' असा आहे, पण आपल्याकडे रिपोर्ट वाचून 'चिआरी' रूढ झालं आहे. दोन्ही चालतं. हान्स किआरी हे ऑस्ट्रियन पॅथॉलॉजिस्ट प्राग इथे काम करत, त्यांनी १८९१ साली या विकृतीचे प्रकार मांडले. मोठ्या माणसांत सापडतो तो बहुधा टाइप १. टाइप २ बाळाच्या पाठीच्या कण्यातल्या जन्मजात फटीसोबत येतो आणि तो लहानपणीच कळतो. त्याची गोष्ट वेगळी, त्यासाठी मुलांचा न्यूरोसर्जन हवा.

आता आकडा. टॉन्सिल छिद्राच्या कडेपासून ५ मिलिमीटर किंवा जास्त खाली असले की रेडिओलॉजिस्ट सहसा टाइप १ लिहितात. लोक हा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा वाचतात. ६ वाल्याला वाटतं पास झालो, १२ वाला रडतो. तसं नाही. १२ मिलिमीटरवाला माणूस आरामात पोहायला जातो आणि ६ वाल्याला पाण्याचा घोट गिळता येत नाही, अशी उदाहरणं असतात. पाण्याची वाट किती अडली आहे आणि मज्जारज्जूवर काय परिणाम झाला आहे, त्यावर खरं ठरतं. दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढला आणि चिआरी निघाली, असंही पुष्कळ वेळा होतं. शंभर एमआरआयमागे साधारण एकात हे दिसतं आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. तुम्हाला काहीच त्रास नसेल, तर ही पायरी आणि शेवटची पायरी वाचा, मधलं सोडलं तरी चालेल.

पायरी २: योग्य माणसाकडे, पूर्ण कागद घेऊन

मुळात हा न्यूरोचा विषय. न्यूरोफिजिशियन औषधांनी उपचार करतो आणि डोकेदुखीचे बाकीचे प्रकार वेगळे काढतो, न्यूरोसर्जन ऑपरेशन लागेल का ते सांगतो. दोघांनाही एकेकदा दाखवा. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत पाटी वाचत चाललं तरी दोन्ही सापडतात. खर्चाचा विचार असेल तर मेडिकलचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, सुपर स्पेशालिटी आहे आणि मिहानमधलं एम्स आहे. एम्सची ओपीडी ऑनलाइन नोंदवता येते, पण न्यूरोची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी बघून निघा. खापरीपर्यंत मेट्रोने जा, तिथून पुढे ऑटो. सगळा प्रवास ऑटोने केला तर स्पीडब्रेकर मोजत पोहोचाल आणि डॉक्टरांना दाखवायला डोकं शिल्लक राहणार नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार बसतात. तुमचं ऑपरेशन त्यात येतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

सोबत काय न्यायचं? एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर सर्जन काही ठरवत नाही, त्याला चित्र स्वतः बघायचं असतं. आणि डॉक्टरांना पुढच्या गोष्टी विचारा. विचारायला लाजू नका:

- फक्त डोक्याचा एमआरआय झाला असेल, तर पूर्ण मणक्याचा करायचा का? चिआरीत मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते. तिला सिरिंक्स म्हणतात. ती मानेपासून खाली कुठेही असू शकते आणि उपचाराचा निर्णय बराचसा तिच्यावर ठरतो.
- पाण्याचा प्रवाह दाखवणारा एमआरआय हवा का?
- मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा जोड ढिला आहे का? आपल्याकडच्या रुग्णांत हा दोष चिआरीसोबत बरेचदा आढळतो. त्यासाठी मान वाकवून-ताठ करून एक्सरे किंवा सीटी काढतात.
- हे नक्की चिआरीच आहे ना? मेंदूतलं पाणी पाठीतून कुठे गळत असेल तर मेंदू खाली बसतो आणि चित्र हुबेहूब चिआरीसारखं दिसतं. अशा माणसाचं डोकं उभं राहिलं की दुखतं आणि झोपलं की थांबतं. उलट, आतला दाब वाढण्याच्या आजारातही टॉन्सिल खाली येतात. त्यात नजर धूसर होते, म्हणून डोळ्यांचा पडदा तपासून घेतात. या दोन्हींवरचे उपचार वेगळे आहेत. चिआरी समजून ऑपरेशन केलं तर मूळ दुखणं तसंच राहतं.

पायरी ३: लक्षणांची हजेरी घ्या

मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

या दुखण्याने माणूस वेडा होतो तो लक्षणं बदलतात म्हणून. सोमवारी मान धरली, मंगळवारी काहीच नाही, बुधवारी उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या, गुरुवारी फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना वर्गच फिरला. शुक्रवारी डॉक्टरांसमोर बसलो आणि ते म्हणाले, "आज काय त्रास?" आज काहीच नाही. घरच्यांनाही वाटतं की हा नाटक करतो. आपल्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं.

लक्षणं फिरतात याला कारण आहे. त्या छोट्या जागेत लहान मेंदू, मेंदूचा देठ, गिळण्याच्या-बोलण्याच्या नसा आणि मज्जारज्जूची सुरुवात हे सगळे एकमेकांना खेटून असतात. लहान मेंदूवर ताण आला की तोल जातो. गिळण्याच्या नसांवर आला की ठसका लागतो, आवाज बसतो. मज्जारज्जूत पोकळी झाली की हात बधिर होतात. त्यात कुणाला जोडीला मायग्रेन असतं, कुणाची मान आखडलेली असते, झोप झालेली नसते. मग कोणतं दुखणं कुणाचं, हेच कळत नाही.

मी मास्तर असल्याने शाळेचीच वही घेतली आणि लक्षणांना विद्यार्थी मानलं. काही पोरं रोज हजर असतात: मानेचा ताठपणा, खोकल्याची कळ. काही परीक्षेच्या दिवसांत उगवतात. आणि कधी कधी नवीन ॲडमिशन येते. वहीत रोज रात्री तीन रकाने भरतो: नेहमीचं, वाढलेलं, नवं. दोन मिनिटांचं काम. जास्त लिहायला गेलात तर आठवड्यात सोडून द्याल, मी एकदा सोडली आहे.

'नेहमीचं' रकान्यात फक्त हजेरीची खूण. 'वाढलेलं' रकान्यात कशाने वाढलं त्याचा एक शब्द: बादली, खोकला, जागरण, ऊन, ऑटो. दोन महिन्यांत तुमचे स्वतःचे ट्रिगर दिसायला लागतात. माझे निघाले पाणी कमी पिणं, सलग चार तास शिकवणं, आणि पेपर तपासणं. पेपर तपासताना मान खाली असते तास-दोन तास, आणि दुखणं दुसऱ्या दिवशी येतं. हा एका दिवसाचा उशीर वहीशिवाय मला जन्मात कळला नसता. पहिल्या पावसाआधी हवा कोंडते तेव्हाही माझं डोकं जड होतं, पण हे माझ्या वहीपुरतं. तुमची वही वेगळं सांगेल.

'नवं' रकाना महत्त्वाचा. तिथे काही पडलं की मुख्याध्यापकांना, म्हणजे डॉक्टरांना, कळवायचं. नवं म्हणजे काय? शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, अक्षर बदलणं, चप्पल पायातून निसटल्याचं न कळणं, पाणी पिताना वारंवार ठसका, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांच्या लक्षात येणं. शेवटची गोष्ट रुग्णाला स्वतःला कळतच नाही, म्हणून घरातल्या एका माणसाला वहीत लिहायची मुभा द्या. माझी बायको लाल पेनाने लिहिते. मास्तराच्या वहीवर लाल पेन चालवायची हौस तिला अशी भागवता आली.

डोकेदुखीचा वेळ मात्र नक्की लिहा. चिआरीची म्हणून जी डोकेदुखी ओळखली जाते ती मागच्या बाजूला असते, खोकल्या-शिंकल्यावर लगेच येते आणि बहुधा काही सेकंद ते काही मिनिटं टिकते. एका बाजूला ठणकणारी, तासन्‌तास चालणारी, उजेड नकोसा करणारी डोकेदुखी बऱ्याचदा मायग्रेनची असते. दोन्ही एका माणसात असू शकतात, माझ्यात आहेत. मायग्रेनवर ऑपरेशन नाही, औषध आहे. हा फरक डॉक्टरांना कळावा, एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा वही ठेवावी.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी वही नेऊ नका. एक पान करा: गेल्या वेळेपासून काय गेलं, काय वाढलं, काय नवं आलं. माझी ओपीडीतली पाच मिनिटं या पानामुळे पुरतात.

पायरी ४: नागपूरच्या घरात काय बदलायचं

कूलरपासून सुरुवात करू, कारण माझी तिथूनच झाली. बादलीने टाकी भरणं बंद. नळाला पाइप लावा आणि टाकीत सोडा. घरात ज्याला चिआरी आहे त्याने भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर, तांदळाचं पोतं, पाण्याचा हंडा उचलायचा नाही. 'मी पुरुष असून' वगैरे काही दिवस वाटतं, मग जातं. कूलरचा थेट झोत मानेवर घेऊन झोपू नका, मान आखडली की बाकी सगळं तिच्या मागोमाग येतं. आणि पाणी. इथे पारा ४५ च्या वर जातो, त्या दिवसांत तहान लागण्याची वाट बघायची नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी दुपारची कामं सकाळी आठच्या आत उरकतो.

उन्हाचा दुसरा धोका कुणी सांगत नाही. सिरिंक्स असेल तर हाताला, खांद्याला स्पर्श कळतो पण गरम-थंड आणि वेदना कळत नाही, असं होऊ शकतं. माझ्या ओळखीतल्या एका ताईंना पोळ्या करताना बोट भाजल्याचं वासाने कळलं. असं असेल तर आंघोळीचं पाणी कोपराने किंवा ज्या हाताला कळतं त्या हाताने बघा, तव्याशी चिमटा वापरा, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या हँडलला, सीटला नुसता हात लावू नका. रोज रात्री हातांवर एक नजर टाका, न कळलेला फोड किंवा काप आहे का.

पुरुषांनो, सलून. हजामत झाली की "सर, कटाकट करून देऊ?" म्हणत तो मान दोन्हीकडे मोडतो. मला फार आवडायचं. एकदा निदानाआधी असंच करून घेतलं आणि दोन दिवस भिंत धरून चाललो. आता खुर्चीत बसतानाच सांगतो, "डोक्याला हात नको." मान मोडणं, मान ओढणं, जोराचा मसाज, हाडवैद्याकडे 'नस बसवणं', सगळं बंद. फिजिओथेरपी घेता येते, पण फिजिओथेरपिस्टला एमआरआय दाखवून आणि डॉक्टरांना विचारून. वजन लावून मान ताणायचं यंत्र स्पॉन्डिलायटिसच्या नावाखाली मलाही लावलं होतं. तुम्ही विचारल्याशिवाय लावू देऊ नका.

योगावर प्रेम करणाऱ्यांनी रागावू नये. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको. कपालभाती आणि भस्त्रिकाही नको, कारण त्यात पोटाचे झटके बसतात आणि दाब वर जातो. बागेतले सगळे काका-काकू सांगतील की कपालभातीने सगळं बरं होतं. त्यांच्याशी वाद घालू नका, 'डॉक्टर नाही म्हणाले' एवढं पुरतं. सपाट रस्त्यावर चालणं, शवासन, साधा संथ श्वास हे चालतं. मी सकाळी अंबाझरीच्या बाजूला चालतो.

बद्धकोष्ठता हा विनोदाचा विषय वाटतो, पण जोर करणं म्हणजे खोकल्यासारखाच दाब. इसबगोल, पाणी, फळं, आणि नागपुरात राहून हे लिहिताना जीव कासावीस होतो पण, सावजी महिन्यातून एकदाच. खोकला अंगावर काढू नका. ज्या खोकल्याला इतर लोक आठ दिवस देतात त्याला तुम्ही दोन दिवस द्या.

दुचाकी हा प्रत्येकाचा प्रश्न. तोल जात असेल, डोळ्यांपुढे थरथरत असेल, दोन-दोन दिसत असेल, तर गाडी चालवायची नाही, त्यात तडजोड नाही. तसं काही नसेल तर हलकं पण चांगल्या दर्जाचं हेल्मेट घ्या आणि ते घालाच. हेल्मेटने मान दुखते म्हणून ते काढून ठेवणारे मी पाहिले आहेत. मग गाडीच ठेवा घरी. बसायचंच असेल तर मागे नको, खड्डा दिसत नाही आणि मान सावध नसते.

मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं, उशी एकच आणि मान सरळ ठेवणारी. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं नाही.

पायरी ५: गोळ्यांचा हिशेब

मेडिकल स्टोअरमधून डोकेदुखीची गोळी आणायची सवय असेल तर वहीत गोळ्याही मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं की गोळीमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. मग चिआरी वाढली असं वाटतं आणि माणूस ऑपरेशनच्या गोष्टी करायला लागतो. नसांच्या दुखण्याच्या, मायग्रेन रोखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्या रोज घ्यायच्या, हळूहळू वाढवायच्या आणि अचानक बंद करायच्या नसतात. पहिल्या आठवड्यात झोप येते, चक्करही येते. ती 'नवं' रकान्यात लिहा, पण समोर गोळीचं नाव टाका.

पायरी ६: ऑपरेशनचा प्रश्न

सगळ्यांना लागत नाही. नुसतं एमआरआयवर दिसतं म्हणून कुणी ऑपरेशन करत नाही, करू म्हणालं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. खोकल्याची डोकेदुखी जगणं अवघड करते आहे, सिरिंक्स आहे, हातापायाची ताकद किंवा गिळणं बिघडत चाललं आहे, अशा वेळी तो विषय निघतो. बाकीच्यांना ठरावीक काळाने तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एमआरआय. भीतीपोटी दर दोन महिन्यांनी एमआरआय काढून दोन सेंटरच्या आकड्यांत एक मिलिमीटरचा फरक शोधणारे मला भेटले आहेत. तेवढा फरक नुसत्या मोजण्यातही पडतो.

नेहमीच्या ऑपरेशनमध्ये डोक्याच्या मागे मधोमध चीर देतात, छिद्राच्या कडेचं थोडं हाड काढतात, मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात, आणि बहुतेक वेळा मेंदूवरचं जाड आवरण उघडून त्यावर ठिगळ लावतात. थोडक्यात, दाटीच्या खोलीची भिंत मागे सरकवून जागा करतात. घरात 'मेंदूचं ऑपरेशन' म्हटलं की आई तुळशीपाशी जाऊन बसते. तिला ही भिंतीची गोष्ट सांगा, माझ्या आईला ती पटली. मुंबईच्या केईएममध्ये अनेक वर्षं काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत असतो, म्हणून ते स्क्रूने पक्के करावेत. सगळे सर्जन हे मानत नाहीत. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी ऑपरेशनं सुचवली तर गोंधळू नका, 'माझ्या बाबतीत हेच का?' असं दोघांनाही विचारा.

अपेक्षा ठरवून जा. खोकल्याची कळ बहुतेकांची कमी होते आणि लवकर होते. सिरिंक्स हळूहळू, महिन्यांनी आक्रसतो. बधिरपणा आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. पुष्कळदा आहे तिथे थांबवणं हाच हेतू असतो. मी स्वतः ऑपरेशन केलं आणि कूलरची ती खुंटी गेली. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मुंग्या अजून हजेरी लावतात.

नंतरचे पहिले दोन-तीन आठवडे मानेच्या स्नायूंचं दुखणं डोक्यापेक्षा जास्त असतं. पुढे बटणं असलेले शर्ट काढून ठेवा, डोक्यातून घालायचे कपडे जमत नाहीत. शक्य असेल तर तारीख उन्हाळ्यात घेऊ नका, टाक्यांवर घाम फार त्रास देतो. जखमेतून पाण्यासारखं काही गळलं, उशी ओली झाली, ताप आला, मान ताठरली, बसलं की डोकं जास्त दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पायरी ७: नोकरी आणि माणसं

मुख्याध्यापकांना मी आजाराचं नाव सांगितलं नाही, काय जमत नाही ते सांगितलं: सलग चार तास नको, फळ्याच्या वरच्या भागात लिहिणं नको, मैदानावरची ड्यूटी दुपारची नको. नाव सांगितलं असतं तर तासभर चर्चा झाली असती. कामं सांगितल्यावर दहा मिनिटांत वेळापत्रक बदललं.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही बरेच जण विचारतात. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत चिआरीचं नाव नाही. पण हातापायांत कायमची कमजोरी राहिली असेल तर त्या कमजोरीची तपासणी होऊन टक्केवारी ठरू शकते. अर्ज यूडीआयडीच्या संकेतस्थळावर करायचा.

बाहेरून तुम्ही धडधाकट दिसता, म्हणून लोक विश्वास ठेवत नाहीत आणि मन खचतं. रात्री उदास विचार थांबतच नसतील तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

पायरी ८: दारामागची पिशवी

पुढचं काही झालं तर वही उघडत बसायचं नाही, सरळ १०८ किंवा जवळचं कॅज्युअल्टी: हातापायाची ताकद अचानक जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, खोकताना शुद्ध हरपणं, श्वास अडणं, घोटही न गिळता येणं, आवाज एकाएकी बदलणं, किंवा आजवर कधी नव्हती एवढी जोराची डोकेदुखी.

कापडी पिशवीत ठेवा: एमआरआयची सीडी आणि शेवटचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, आधार आणि योजनेचं कार्ड, डॉक्टरांचा फोन, आणि जाड अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर एवढंच आहे: "चिआरी टाइप १. ऑपरेशन झालेलं. पाठीत सुई घालण्याआधी न्यूरोसर्जनशी बोला. भूल देताना मान मागे जास्त वाकवू नका." पाठीतून पाणी काढणं किंवा हर्निया, मूळव्याध, सिझेरियनसाठी पाठीत भूल देणं, हे चिआरीवाल्याच्या बाबतीत विचार करूनच करायचं असतं, म्हणून ही चिठ्ठी. काहीच त्रास नसलेल्यांनी सुद्धा ती लिहून ठेवावी, आणि बाळंतपण असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावी.

आमची पिशवी दाराच्या मागे खुंटीला आहे. तिच्यात बायकोने लाल पेनही टाकून ठेवलं आहे.